कॅमेरा कापड दाखवितो, ग्वाही देत नाही

कापडाचा धंदा हा मुळात हाताचा धंदा आहे. गिऱ्हाईक दुकानात येते, थान उलगडावयास सांगते, कापड दोन बोटांत चुरगाळून पाहते, दाराशी नेऊन उजेडात धरते, उलटी बाजू तपासते आणि मग भाव विचारते. आमच्या पिढीने ही रीत मालेगावच्या मागवाल्यांकडून, येवल्याच्या विणकरांकडून आणि नाशिकच्या कापड बाजारातील जुन्या पेढ्यांवर बसून शिकली. गेल्या काही वर्षांत मात्र ही रीत मागे पडत चालली आहे. आता गिऱ्हाईकाआधी त्याचा मोबाइल दुकानात येतो. "शेठ, फोटो टाका" ही मागणी आधी, आणि हात लावून पाहण्याची गोष्ट नंतर, किंवा कधीच नाही. धुळे-जळगावचा किरकोळ दुकानदारसुद्धा आता नाशिकची फेरी वाचवितो आणि फोटोवरच माल सांगतो.

अशा काळात कॅमेरा हे आपल्या दुकानातील गजकाठीइतकेच महत्त्वाचे हत्यार झाले आहे. गज खोटा असेल तर व्यापारी गुन्हेगार ठरतो. मग फोटो खोटा असेल तर? या प्रश्नाचा विचार व्यापारी बांधवांनी गांभीर्याने करावयास हवा, असे आमचे मत आहे.

निमित्त असे घडले. जुन्या नाशिकमधील आमच्या एका छायाचित्रकार स्नेह्यांनी नुकताच नव्या पद्धतीचा, आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा घेतला. हे गृहस्थ रिळांच्या जमान्यापासून लग्नाचे व पासपोर्टचे फोटो काढत आले आहेत. नव्या कॅमेऱ्याची कसोटी घेण्यासाठी त्यांना विविध प्रकारचा माल हवा होता आणि आम्हांला ईदच्या हंगामासाठी मालाचे फोटो हवे होते. दोन दिवस त्यांनी आमच्या मालावर काम केले. त्यांचे पहिले अनुभव केवळ फोटोग्राफीच्या शौकिनांच्या नव्हे, तर आपल्या कामाचे आहेत, म्हणून ते येथे मांडीत आहोत.

नव्या यंत्राची तारीफ

प्रथम चांगल्या गोष्टी. जुन्या कॅमेऱ्यात आरशातून प्रत्यक्ष दृश्य दिसे, पण फोटो उजळ येणार की काळपट, हे बटण दाबल्यावरच कळे. रिळाच्या काळात तर ते धुऊन येईपर्यंत कळत नसे. नव्या कॅमेऱ्याच्या भिंगात डोळा लावला की आत एक लहान पडदा असतो आणि फोटो साधारण जसा येणार तसाच तो आधी दिसतो. आमच्या स्नेह्यांच्या म्हणण्याप्रमाणे हा सर्वांत मोठा फरक आहे. पूर्वी ३६ फोटोंचे रीळ जपून वापरावे लागे, प्रत्येक फोटोमागे पैसे जात. आता एका थानाचे पन्नास फोटो घेतले तरी खर्च वाढत नाही. यंत्र वजनाला हलके आहे आणि आवाज जवळजवळ नाही. एक तक्रार मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी केली, ती बॅटरीची. आतला पडदा सतत चालू राहात असल्याने बॅटरी जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यापेक्षा लवकर उतरते. दोन बॅटऱ्या जवळ ठेवल्याशिवाय दिवसभराचे काम होत नाही, असे ते म्हणाले.

दुसरी गोष्ट बारकाव्याची. २४ मेगापिक्सेल म्हणजे २ कोटी ४० लाख बिंदूंचे चित्र. ते पडद्यावर मोठे करून पाहिले तेव्हा ताणा आणि बाणा वेगवेगळा मोजता येत होता. यंत्रमागाच्या तेलाचा डाग, तुटलेला धागा, काठाजवळची ढिली वीण हे सर्व त्यात स्पष्ट उमटले. जे गिऱ्हाईकाच्या नजरेतून सुटले असते ते यंत्राच्या नजरेतून सुटले नाही. पोताच्या बाबतीत चांगला कॅमेरा प्रामाणिक आहे, हे आम्ही मान्य करतो.

रंगाच्या बाबतीत गोष्ट वेगळी

खरी अडचण रंगात आहे. आणि कापडाच्या धंद्यात रंग म्हणजे अर्धा भाव.

डिजिटल कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणारी चकती स्वतः रंगआंधळी असते. तिला फक्त उजेड कमी की जास्त एवढेच कळते. म्हणून तिच्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या बारीक गाळण्यांची जाळी बसवितात. ही रचना कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांनी शोधली, तिचे पेटंट १९७६ सालचे आहे. तीत निम्म्या गाळण्या हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या असतात. म्हणजे प्रत्येक बिंदूवर प्रत्यक्षात एकच रंग मोजला जातो आणि उरलेले दोन रंग यंत्र शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरते. कॅमेऱ्याचा रंग हा अशा रीतीने दोन-तृतीयांश हिशेब असतो. हिशेब हुशारीने केलेला असतो, पण तो हिशेबच.

त्यानंतर प्रकाशाचा प्रश्न येतो. दुपारच्या उन्हात जे कापड मोतिया दिसते ते पिवळ्या दिव्याखाली हळदी दिसते आणि ट्यूबलाइटखाली हिरवट. आपला डोळा ही चूक आपोआप दुरुस्त करतो, कॅमेऱ्याला ते सांगावे लागते. हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्नुल हैसम यांनी 'किताबुल मनाजिर' या ग्रंथात हेच मांडले की, वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो तेव्हा आपल्याला दिसते. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचे प्रयोगही त्यांनी केले. आपण राहतो तो 'कमरा' आणि हा 'कॅमेरा' हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळातून आले, हा योगायोग नव्हे. कॅमेरा म्हणजे अंधारी खोलीच. विशेष म्हणजे इब्नुल हैसम यांनी आपल्या ग्रंथाचा तिसरा भाग नजरेच्या चुकांसाठी राखून ठेवला होता. फोटोवर माल विकणाऱ्याने त्याची आठवण ठेवावी.

आमच्या मालातील चार उदाहरणे देतो, म्हणजे मुद्दा ध्यानात येईल.

पहिले, एहरामचे पांढरे कापड. कॅमेऱ्याचे उजेड मोजणारे यंत्र समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून चालते. समोर सगळेच पांढरे आले की ते उजेड कमी करते आणि दुधासारखे कापड मळके दिसू लागते. छायाचित्रकाराने हाताने उजेड वाढविला तेव्हाच ते पांढरे आले.

दुसरे, बुरख्याचे काळे कापड. येथे उलट होते. यंत्र उजेड वाढविते आणि गडद काळे कापड राखेसारखे दिसते. ज्यांचा या मालाशी संबंध आहे त्यांना ठाऊक आहे की काळ्यातही प्रती आहेत. भावाचा फरक त्या काळेपणाच्या खोलीवर ठरतो. फोटोत मात्र हलका काळा आणि खोल काळा शेजारी ठेवले तरी ओळखू येत नव्हते. काळ्या रंगाने मोठमोठ्या कंपन्यांनाही फसविले आहे. जर्मनीच्या लायका कंपनीने २००६ साली बाजारात आणलेल्या 'एम ८' या महागड्या डिजिटल कॅमेऱ्यात कृत्रिम धाग्याचे काळे कपडे जांभळट दिसत, कारण डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण त्याच्या चकतीपर्यंत पोहोचत होते. कंपनीला गिऱ्हाइकांना भिंगावर लावण्याच्या काचा द्याव्या लागल्या.

तिसरे, येवल्याची पैठणी. धूपछाँव वाणात ताण्याचा रंग एक आणि बाण्याचा दुसरा. साडी हलविली की रंग बदलतो, त्यातच तिची शान आहे. फोटोत साडी हलत नाही. ज्या कोनातून बटण दाबले तो एकच रंग उमटतो. त्यातच जर दिव्याखाली पांढरी पडली तर खरी कोणती आणि नकली कोणती हे फोटोवरून सांगणे जाणकारालाही कठीण.

चौथे, बारीक चौकडीचे शर्टिंग. विणीची ओळ आणि चकतीवरील बिंदूंची ओळ एकमेकींत गुंतली की चित्रात लहरी उठतात, ज्या कापडात नसतात. पूर्वी हे टाळण्यासाठी चकतीपुढे एक पातळ गाळणी असे. चित्र अधिक तेज यावे म्हणून २०१२-१३ पासून अनेक कंपन्यांनी ती काढून टाकली. माणसांच्या फोटोंना याचा फायदा झाला, कापडाच्या फोटोंना त्रास. कॅमेरा थोडा दूर नेला किंवा कोन बदलला तर लहरी जातात, पण हे माहीत असावे लागते.

आणि एवढे सगळे सांभाळून खरा रंग पकडलाच, तरी तो पुढे गिऱ्हाइकाच्या मोबाइलच्या पडद्यावर जातो. एका पडद्यावर मरून दिसणारा रंग दुसऱ्यावर राणी दिसतो. स्वतः मोबाइलने काढलेल्या फोटोत तर यंत्र न विचारताच रंग भडक करते, कारण भडक चित्र लोकांना आवडते. म्हणजे बेईमानीचा हेतू नसतानाही फोटो असत्य होऊ शकतो. हेतू असेल तर काय होईल, हे सांगावयास नको.

नाशिकचा जुना दाखला

नव्या कॅमेऱ्याची पारख कशी करावी याचा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी तेही धंद्याने छायाचित्रकार होते, गोध्र्यात त्यांनी स्टुडिओ चालविला. १९१२ साली ते इंग्लंडला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. त्या कॅमेऱ्यावर त्यांनी सुरुवातीलाच राजवाडे आणि युद्धे चित्रित केली नाहीत. एका कुंडीत वाटाण्याचे रोप उगवत असताना ते थोड्या-थोड्या अंतराने टिपले आणि रोपाची वाढ पडद्यावर दाखविली. ते पाहूनच भांडवल देणारा तयार झाला. फिल्म धुण्याचे व तिला छिद्रे पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी घरात केले. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत दाखविला गेला आणि त्यानंतर फाळके यांनी आपले काम नाशिकला आणले. १९४४ साली त्यांचे निधन येथेच झाले.

यातून व्यापाऱ्याने घ्यावयाची गोष्ट साधी आहे. यंत्र आणले की आधी लहान, खऱ्या वस्तूवर त्याची परीक्षा घ्यावी, मग त्याच्यावर धंदा उभा करावा. भांडवल देणाऱ्याला फाळके यांनी जे दाखविले ते खरोखर कुंडीत उगवले होते.

दुसरा दाखला मालेगावचा. यंत्रमागांच्या या शहरात नासिर शेख यांनी २००० साली व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' बनविला. पुढे यंत्रमागावर काम करणाऱ्या शफीक शेख यांना घेऊन त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' काढला. ते चित्रीकरण पाहून फैजा अहमद खान यांनी २००८ साली माहितीपट बनविला आणि २०२५ साली या मंडळींच्या जीवनावरचा हिंदी चित्रपटही प्रदर्शित झाला. त्यांच्याकडे महागडी यंत्रे नव्हती, हुनर होते. म्हणून आम्ही म्हणतो की, कॅमेऱ्याच्या किमतीवर भाळू नये. कापडाची जाण असलेल्या माणसाच्या हाती साधा कॅमेरा दिला तर तो अधिक खरा फोटो काढील.

आणि तिसरा दाखला इशाऱ्याचा. जगातील पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन यांनी बनविला. १०,००० बिंदूंचे एक काळे-पांढरे चित्र कॅसेटवर उतरविण्यास त्याला २३ सेकंद लागत. रिळांचा चालता धंदा सांभाळण्यात कंपनीने वेळ घालविला आणि जानेवारी २०१२ मध्ये तिला दिवाळखोरीच्या संरक्षणाचा अर्ज करावा लागला. आपल्या देशात उटकमंडला १९६० साली स्थापन झालेला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना 'इंदू' नावाने फिल्म व कागद बनवीत असे. तोही बंद पडला. तेव्हा "आम्हांला फोटोबिटोची गरज नाही, गिऱ्हाईक दुकानात येईल" असे म्हणणाऱ्या बुजुर्गांनी हा दाखला विसरू नये. आम्ही कॅमेऱ्याच्या विरोधात नाही. आमचा आग्रह आहे तो त्याच्या सचोटीच्या वापराचा.

शरीअत काय सांगते, कायदा काय सांगतो

सजीवांच्या चित्रांविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि तो विषय त्यांचाच आहे. कापडाच्या थानाचा फोटो घेण्यास मात्र कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. आपल्यापुढचा प्रश्न चित्राचा नसून व्यवहाराचा आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेच्या बाजारात धान्याच्या एका ढिगाजवळ आले, त्यात हात घातला तर आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी त्याला विचारले आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध तोडला. ही हदीस आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. आज तो ढीग मोबाइलच्या पडद्यावर आहे आणि त्यात हात घालता येत नाही. म्हणून ओल वर ठेवण्याची विक्रेत्याची जबाबदारी आता पूर्वीपेक्षा वाढली आहे, कमी झालेली नाही.

इमाम अबू हनीफा (रह.) हे स्वतः कूफा शहरातील कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे की, एका कापडात दोष होता आणि तो गिऱ्हाईकाला सांगावा असे त्यांनी आपल्या भागीदाराला बजावले होते. भागीदार विसरला, गिऱ्हाईक निघून गेले, शोधूनही सापडेना. तेव्हा इमाम साहेबांनी त्या मालाची आलेली सारी रक्कम दान करून टाकली. आपण त्यांचे अनुयायी म्हणवितो. दोष लपविण्यासाठी फोटोवर रंग चढविताना आपण कोणाच्या मार्गावर आहोत, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हनफी फिकहमध्ये 'खियारे रुयत' नावाचा हक्क आहे. न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर पसंत न पडल्यास सौदा मोडण्याचा अधिकार खरेदीदाराला असतो, मग वस्तूत दोष असो वा नसो. घडी घातलेले कापड वरून पाहिले तर ते पाहिले असे धरावे की उलगडूनच पाहावे, इतक्या बारकाईने जुन्या ग्रंथांत चर्चा आहे. मग केवळ फोटो पाहिला म्हणजे माल पाहिला, असे कसे म्हणता येईल? आमच्या समजुतीप्रमाणे फोटोवरचा सौदा हा न पाहिलेल्या मालाच्या सौद्याजवळ जातो; अंतिम निर्णय अर्थातच मुफ्ती साहेबांनी द्यावा.

देशाचा कायदाही फार दूर नाही. १९३० च्या माल विक्री कायद्यात कलम १५ वर्णनावरून होणाऱ्या विक्रीसाठी आणि कलम १७ नमुन्यावरून होणाऱ्या विक्रीसाठी आहे. माल वर्णनाशी जुळला पाहिजे, माल नमुन्याशी जुळला पाहिजे आणि खरेदीदाराला ताडून पाहण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. ऑनलाइन बाजारपेठांसाठी २०२० साली ग्राहक संरक्षणाचे जे नियम आले, त्यांत तर चित्राचा स्पष्ट उल्लेख आहे. वर्णन आणि चित्रे प्रत्यक्ष मालाच्या स्वरूपाशी व दर्जाशी जुळतील, अशी हमी विक्रेत्याकडून घेतली जावी, असा नियम आहे. जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे माल नसेल तर तो परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही.

शेजारी भडक फोटो टाकतो, त्याचे काय?

या विषयावर बोललो की तरुण व्यापारी एकच प्रश्न विचारतात. "आम्ही खरा रंग दाखविला आणि शेजाऱ्याने भडक दाखविला, तर गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल." प्रश्न खोटा नाही. पहिली ऑर्डर त्याला मिळेलही. पण हिशेब दुसऱ्या ऑर्डरपर्यंत मांडावा. परत आलेल्या पार्सलचा जाण्याचा आणि येण्याचा भाडेखर्च दुकानावर बसतो. घडी मोडलेली, हाताळलेली साडी पुन्हा त्या भावात जात नाही. हंगाम निघून गेलेला असतो, ईद होऊन गेली की ईदचा माल पडून राहतो. आणि ज्या किरकोळ दुकानदाराने स्वतःच्या गिऱ्हाईकापुढे खाली पाहिले, तो पुन्हा आपल्याकडे फिरकत नाही. एका पार्सलचा तोटा भरून काढण्यासाठी किती पार्सलांचा नफा घालवावा लागतो, हे प्रत्येकाने स्वतःच्या वहीत पाहावे.

यात आणखी एकाचे नुकसान होते, ज्याचा विचार कोणी करीत नाही. तो म्हणजे विणकर. मऊ, सोज्वळ रंगाचे, चांगल्या सुताचे कापड फोटोत साधे दिसते. चमकदार, हलके, कृत्रिम धाग्याचे कापड फोटोत उठून दिसते. फोटो पाहूनच माल उचलला जाऊ लागला तर मागावर काय विणले जाईल हे कॅमेरा ठरवू लागेल. येवल्यात महिनोन्‌महिने हातमागावर बसून विणलेली पैठणी आणि यंत्रमागावरची नक्कल यांचा फोटो सारखाच सुंदर येतो. भावातला फरक मग गिऱ्हाईकाला अन्याय वाटतो. हा अन्याय खरे तर कारागिरावर आहे. म्हणून फोटोखाली शब्द हवेत. रेशीम कोणते, जर कोणती, हातमाग की यंत्रमाग, हे लिहिलेच पाहिजे.

आमच्या सूचना

आमच्या छायाचित्रकार स्नेह्यांशी चर्चा करून काही सूचना येथे देत आहोत. त्या खर्चिक नाहीत.

सर्व मालाचे फोटो एकाच जागी, एकाच प्रकाशात घ्यावेत. उत्तरेकडील खिडकीचा दिवसाचा उजेड सर्वांत उत्तम. दुकानातले वेगवेगळे दिवे त्यात मिसळू देऊ नयेत. प्रत्येक प्रकाशात पहिला फोटो करड्या कार्डाचा घ्यावा, म्हणजे रंग त्याच्या आधाराने बरोबर करता येतो. पांढऱ्या मालासाठी उजेड वाढवावा, काळ्यासाठी कमी करावा. धूपछाँव कापडाचे दोन कोनांतून दोन फोटो द्यावेत आणि शक्य तर कापड हलवून छोटी चित्रफीत द्यावी. एक फोटो उलट्या बाजूचा आणि एक अगदी जवळून पोताचा असावा. शेजारी मोजपट्टी ठेवावी, म्हणजे काठाची रुंदी व बुट्टीचा आकार कळेल. मालात दोष असेल तर दोषाचा वेगळा फोटो द्यावा आणि भाव त्याप्रमाणे लावावा. मोबाइलमधील रंग खुलविणाऱ्या सोयी बंद ठेवाव्यात. मोठ्या ऑर्डरला फोटोसोबत कापडाचा लहान तुकडा टपालाने किंवा कुरिअरने पाठवावा. दहा फोटो जे सांगत नाहीत ते दोन इंच कापड सांगते. आणि बिलावर व फोटोखाली एक ओळ छापावी की, रंगात फरक आढळल्यास अमुक दिवसांत माल परत घेतला जाईल.

कॅमेरा प्रत्येक दुकानाने विकत घ्यावा असे आम्ही म्हणणार नाही. चांगले यंत्र लेन्ससह लाखाच्या पुढे जाते. डिजिटल कॅमेऱ्यावरील जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला, तरीही लहान व्यापाऱ्याला हा खर्च जडच. त्याऐवजी गल्लीतील पाच-दहा दुकानांनी मिळून एक चांगला छायाचित्रकार ठरवावा. मोबाइलमुळे आपल्या वस्तीतील कित्येक स्टुडिओंना पूर्वीइतके काम राहिलेले नाही. ज्यांनी आपल्या घरची लग्ने टिपली, आपल्या हजच्या अर्जांचे फोटो काढले, त्यांच्या हातचे हुनर आपल्याला आज हवे आहे आणि त्यांना काम हवे आहे. मात्र त्यांना मोबदला रोख आणि वेळेवर द्यावा. "दोन फोटो तर काढायचे" असे म्हणून त्यांच्या मेहनतीची किंमत करू नये. हमालाची मजुरी आपण उधार ठेवीत नाही, फोटोवाल्याची का ठेवावी? आणि छायाचित्रकारांनीही दुकानदाराने सांगितले म्हणून रंग चढवून देऊ नये. त्यांच्या कामालाही अमानतीचा दर्जा आहे.

व्यापारी मंडळांनी या विषयावर एखादी बैठक घ्यावी, छायाचित्रकारांना बोलवावे, आणि फोटोवर विकल्या जाणाऱ्या मालासाठी सर्वांना मान्य होईल असा साधा नियम ठरवावा. मापाचा गज जसा सर्व दुकानांत एकच, तसा फोटोचा नियमही सर्वांचा एकच असावा. एकट्याने पाळलेल्या नियमाने तो दुकानदार वाचतो, सर्वांनी पाळलेल्या नियमाने बाजाराचे नाव होते. नाशिक, मालेगाव आणि येवले यांचे नाव कापडात आहे. ते फोटोमुळे खराब होऊ देणे कोणाच्याच हिताचे नाही.

आमच्या स्नेह्यांना शेवटी विचारले की, एवढा नवा कॅमेरा घेतला, मग आता खरा रंग येईल ना? ते म्हणाले की, कॅमेरा प्रयत्न करील, पण ग्वाही दुकानदाराने द्यावी लागेल. हलाल रोजीत बरकत असते, यावर आपला विश्वास आहे. तो विश्वास फोटोखालच्या त्या एका ओळीत उतरावा, एवढीच आमची विनंती आहे.